हसऱ्या फौजेचं ऑडिट

शुक्रवार, ३ जून २००५

ही वही फक्त माझ्यासाठी. त्यामुळे इथे खोटं लिहायचं काही कारण नाही. व्हॉल्व्हच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, आठ वर्षं तेच काम, तर घरी थोड्या स्वतःच्या शोधाव्यात एवढाच हेतू.

आज घडलं ते असं. जेवताना श्रियाने टेबलावर एक फॉर्म ठेवला. न्यूझीलंड आर्मीचा. ती सतरा वर्षांची आहे, अठरा पूर्ण नाहीत, म्हणून घरून संमती लागते. शाळा संपली की जानेवारीत जायचं आणि आर्मीच्या गाड्या दुरुस्त करायला शिकायचं, असा तिचा बेत. मी शांतपणे विचारलं, युनिव्हर्सिटीतल्या इंजिनिअरिंगचं काय? ती म्हणाली, "बाबा, हेही इंजिनिअरिंगच आहे. जस्ट विथ डर्टी हँड्स." तिची आई, वसुंधरा, भात वाढत होती.

फॉर्म अभ्यासासाठी माझ्या खणात ठेवला आहे. आवाज चढवला नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

दुरुस्ती: वसुंधरा म्हणते चढवला. शेजारचा ग्रेम कुंपणावरून "ऑल गुड, मेट?" असं विचारून गेला, हेही खरं.

शनिवार, ४ जून

कारखान्यात दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं, अशी पद्धत आहे. तीच वापरली.

श्रियाला आर्मीत का जायचंय? आर्मी मजेची वाटते म्हणून. का वाटते? लहानपणी तसले सिनेमे पाहिले म्हणून. का पाहिले? घरात येत होते म्हणून. का येत होते? मी आणायचो म्हणून.

पाचव्या 'का'ची गरजच पडली नाही.

तपशील लिहून ठेवतो. मे ९६मध्ये आम्ही पुण्याहून ख्राइस्टचर्चला आलो. वसुंधराला महिन्याभरात एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम मिळालं. मला नऊ महिने काहीच मिळालं नाही. श्रिया आठ वर्षांची. तीनला शाळेतून यायची, मी घरीच असायचो. रिकार्टनच्या व्हिडिओच्या दुकानात एका फळीवरच्या कॅसेट आठवडाभरासाठी अगदी स्वस्तात मिळत, आणि का कोण जाणे, त्या फळीवर लष्करी विनोदी सिनेमेच जास्त. अमेरिकन. सगळे त्या चार-पाच वर्षांतले आणि सगळे वाईट. निकामी लोकांची एक तुकडी, एक ओरडणारा सार्जंट, दोरीला लटकलेला जाडा रंगरूट, कर्नलच्या नव्या गाडीवरून जाणारा रणगाडा. शेवटी तीच तुकडी चुकून युद्ध जिंकते.

इथले उच्चार कानावर पडावेत म्हणून मी ते आणायचो. हेतू शैक्षणिक होता. सिनेमे अमेरिकन होते, ही अडचण नंतर लक्षात आली. मी आणि श्रिया सोफ्यावर बसून पोट धरून हसायचो.

म्हणजे दोष माझा. तेव्हा उपायही मीच करणार. तेच सिनेमे तिला पुन्हा दाखवायचे, आता सतराव्या वर्षी, आणि त्यातलं सगळं खोटं एकेक करून तिच्यासमोर मांडायचं. दर शुक्रवारी एक. सोबत दोषांचा तक्ता. मी स्वतः अजिबात हसायचं नाही. आर्मीचा विषय स्वतःहून काढायचा नाही. आठ आठवडे पुरेत.

शनिवार, ११ जून

व्हिडिओच्या दुकानात गेलो. दुकानदार डग सगळ्या कॅसेट काढून टाकतोय, आता डीव्हीडीच ठेवणार. माझी यादी ऐकून तो आतून एक खोकाच घेऊन आला. सतरा कॅसेट. "स्वीट ॲज, मोर. नोबडी वॉन्ट्स दीज." मोरेश्वरचा मोर मी पहिल्या वर्षीच मान्य केला होता. कॅसेट विकताना त्याला जरा लाजच वाटत होती. मी सांगितलं, अभ्यासासाठी हव्यात. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे न बघता.

इथल्या मराठी मंडळातल्या मित्राला, विवेकला, फोन केला. तो म्हणाला, "इथली आर्मी म्हणजे आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीएवढी रे. फक्त भांडणं कमी." मी म्हणालो, त्यांची माणसं अफगाणिस्तानात आहेत. त्यावर त्याने मंडळाच्या वर्गणीचा विषय काढला.

शुक्रवार, १७ जून

पहिला सिनेमा. एका न्हाव्याला सगळे चुकून लेफ्टनंट समजतात. दोष एक्केचाळीस. टोप्यांची चिन्हं चूक, सलाम चूक, परेड तर बघवत नाही. मी जागच्या जागी उठून खरं 'पीछे मुड' कसं असतं ते श्रियाला करून दाखवलं. कॉलेजात दोन वर्षं एनसीसीत होतो. माझ्या पायांचे तळवे सपाट आहेत हे त्यांना कळेपर्यंत. टेबललॅम्प पडला, पण फुटला नाही.

मी दोनदा हसलो. दोन्ही वेळा फक्त नाकातून, म्हणून धरत नाही. श्रिया एकदा हसली, ती माझ्यानंतर लगेच. नोंद घ्यायला हवी. अजून धोका आहे.

बुधवार, २९ जून

श्रिया सकाळी सहाला पळायला जाते. इथला जून म्हणजे कडक थंडी, बाहेर गवतावर पांढरं दहिवर. कारण विचारलं तर म्हणाली, फिटनेस. परीक्षेचा ताण असेल. पळण्याने एकाग्रता वाढते असं वाचलं आहे. वसुंधराने तिला नवे बूट आणून दिलेत. दोघींचं अलीकडे बरं जमतं. घरात एका विषयावर तणाव असताना ही चांगली गोष्ट म्हणायची.

शुक्रवार, १ जुलै

बकरीचा सिनेमा. एका पलटणीची शुभशकुनी बकरी कारकुनाच्या चुकीने प्रमोशन घेत घेत कर्नल होते. अत्यंत वाईट सिनेमा.

तक्ता बाराव्या दोषापर्यंत भरला आहे. पुढे कोरा. कारण लिहायला हवं. बकरी जनरलच्या बायकोच्या हॅटवरची फुलं खाते आणि सगळी पलटण तिला सलाम ठोकून उभी असते, तिथे माझ्या हातातलं पेन पडलं. ते शोधताना पुन्हा आठवलं. डोळ्यांतून पाणी आलं. हा प्रसंग विनोदी नाही याची खात्री करायला मी तो तीन वेळा मागे नेऊन पाहिला. स्वयंपाकघरातून वसुंधरा म्हणाली, "ऑडिट जोरात चाललंय." तिच्या आवाजात राग नव्हता. मला उगाच वाटलं, तिला बरं वाटलं असावं.

श्रियाने सिनेमापेक्षा माझ्याकडेच जास्त पाहिलं. म्हणजे सिनेमातलं तिचं लक्ष उडतंय. प्रगती.

शनिवार, ९ जुलै

खण उघडून फॉर्म परत वाचला. सहावी वेळ. प्रत्येक ओळ वाचली, वाचणं हेच माझं काम आहे. शेवटी पालकाच्या सहीची एकच रेघ.

त्या रेघेवर आयुष्यभर कोणाची सही पाहिली ते आठवतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या चिठ्ठीवर, कॉलेजच्या प्रवेशावर. एकदा दहावीच्या फॉर्मसाठी वडील रत्नागिरीहून परत येईपर्यंत तीन दिवस थांबलो होतो. आई घरातच होती. तिला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही, तिच्यासुद्धा. आता ती रेघ माझ्याकडे आली आहे. ती कोरी आहे तोवर श्रिया घरात आहे.

हे लिहिल्यावर स्वतःला विचारलं, मी तिला अडवतोय का? नाही. मी वेळ घेतोय. मी घाबरलोय का? बातम्यांत वाळवंटातून जाणारी एक गाडी दाखवली, तिच्या टपावर एक पोरगेलासा सैनिक बसला होता. मी चॅनेल बदललं. पण ते हवामान बघायचं होतं म्हणून.

भीती नाही. जबाबदारी आहे. दोन्हींत फरक आहे. तो नेमका कोणता, ते सवडीने लिहीन.

शनिवार, २३ जुलै

वसुंधरा आणि श्रिया सकाळी सहाला गाडी घेऊन बाहेर पडल्या, कुठल्याशा सेलला असाव्यात, संध्याकाळी पाचला परत. काय आणलंत विचारलं तर वसुंधरा म्हणाली, काही नाही. सेल चांगला नसणार. श्रियाचं कोपर खरचटलं होतं. सेलमध्ये गर्दी असते. न जेवता बुटांसकट सोफ्यावर झोपून गेली. वसुंधराने तिचे बूट काढले आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. विचारणार होतो. मग म्हटलं, दमली असेल.

काल आर्मीच्या बँडचा सिनेमा पाहिला. बँडवाल्यांना चुकून आघाडीवर पाठवतात. दोष चौतीस. हसणं मोजलं नाही.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

आढावा. श्रियाने आर्मीचा विषय अकरा आठवड्यांत एकदाही काढलेला नाही. दर शुक्रवारी न सांगता सोफ्यावर येऊन बसते. फिश अँड चिप्स खाते, गणितं सोडवते. रणगाडा गाडीवरून गेला तरी डोकं वर करत नाही. मी हसलो तरच करते.

कार्यक्रम यशस्वी झाला असं म्हणायला हरकत नाही. विवेकला सांगितलं. तो म्हणाला, "तू तिला विचारलंस का?" मी म्हणालो, विषय काढायचा नाही असं ठरलंय. तो म्हणाला, "कोणाचं?" विवेकला पद्धतशीर काम कळत नाही. त्याची मुलं अजून लहान आहेत.

आठ आठवडे संपले. पण खोक्यात सात कॅसेट उरल्यात. अर्धवट सोडणं बरं नाही. पुढे चालू ठेवतो.

मंगळवार, १३ सप्टेंबर

फ्रिजवर चुंबकाखाली पत्र. आर्मीने श्रियाला घेतलं आहे. जानेवारीत वायओरूच्या लष्करी तळावर ट्रेनिंग.

दोनदा वाचलं. माझ्या सहीशिवाय हे होऊच शकत नाही. फॉर्म खणात आहे, आताच बघून आलो. म्हणजे चूक त्यांची. एवढा साधा कागद न तपासणारी आर्मी. नाही म्हटलं तरी जरा हसू आलं. त्या सिनेमांतला कारकून अगदीच खोटा नव्हता म्हणायचा.

घरात काही बोललो नाही. उद्या ऑफिसातून फोन करून त्यांची चूक त्यांच्या लक्षात आणून देईन. नम्रपणे. चूक कोणाचीही होऊ शकते.

बुधवार, १४ सप्टेंबर

लंच टाइममध्ये फोन केला. कोणीतरी खेकसेल अशी तयारी ठेवली होती. सार्जंट म्हणजे एक बाई निघाल्या. "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला, आवाज श्रियाच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंसारखा. मी सांगितलं की आपल्या प्रक्रियेत एक त्रुटी आढळली आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागद काढले आणि म्हणाल्या की संमती आहे. सत्तावीस जूनची. आईची सही.

मी विचारलं, आणि वडिलांची? त्या म्हणाल्या, दोघांपैकी एकाची पुरते.

मी तारीख पुन्हा विचारली, मग पुन्हा. तेव्हा त्यांनी विचारलं, "यू ओके, सर?" आणि मग, "डॅड्स रिंग अस हीप्स." वडिलांचे फोन ढिगाने येतात म्हणे. थँक यू म्हणून फोन ठेवला. दुपारी एका व्हॉल्व्हचं माप चार वेळा घेतलं. चारही वेळा वेगळं आलं.

संध्याकाळी वसुंधराला विचारलं. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. म्हणाली, "तुम्ही फॉर्म खणात ठेवलात. मी दुसरा मागवला. मी काय तिची शेजारीण आहे का?" तेवीस जुलैला सेल नव्हता. शारीरिक चाचणी होती. श्रिया भिंतीवर चढताना पडली, आणि परत चढली.

मी म्हणालो, निदान मला सांगायचं. ती म्हणाली, "सांगणारच होते. एक जुलैला, सही करून चार दिवस झाले होते. पण तुम्ही त्या बकरीला हसत होतात. इतक्या वर्षांत तसे हसला नव्हतात. म्हटलं, आज नको. मग प्रत्येक शुक्रवारी तेच."

'पालक' हा शब्द सहा वेळा वाचून मी सहाही वेळा 'वडील' वाचला होता. तक्त्यात हा दोष कुठे भरायचा ते कळत नाही.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

कॅसेट लावली नव्हती तरी श्रिया येऊन बसली. मीच मग तिला सगळं सांगितलं. पाच वेळा का, खोकं, तक्ते. मी तिच्या डोक्यात ही आर्मी घातली आणि मीच ती काढायला निघालो होतो, हेही. एका दमात सांगितलं. सांगताना ते फार मूर्खपणाचं वाटलं.

ती म्हणाली, "बाबा, मला ते मूव्हीज कधीच आवडले नाहीत."

मी म्हणालो, पण हसायचीस की.

"तू हसायचास म्हणून. आई कामाला जाताना सांगायची, बाबांजवळ बस. ज्या दिवशी तू हसायचास त्या दिवशी तू जेवायचास. सो आय लाफ्ड."

घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं तिने. आठ वर्षांची होती. मी तिला इंग्रजी ऐकवतो आहे, असं मी समजत होतो.

मग आर्मी का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, तिथे काय करायचं ते सांगतात. "ट्रक स्टार्ट झाला की झाला. नाही झाला तर नाही. कोणाच्या फेसकडे बघून गेस करावं लागत नाही." मग लगेच, "सॉरी, बाबा. तसं नाही म्हणायचं मला." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

मी चेहरा नीट ठेवला.

रविवार, २ ऑक्टोबर

कॅसेटचं खोकं, त्यातल्या पॅराशूटच्या सिनेमांच्या न पाहिलेल्या तीन कॅसेटसकट, दानाच्या दुकानात देऊन आलो. तिथल्या आजीबाईंनी विचारलं, चांगले आहेत का? मी म्हणालो, नाहीत.

माझ्या खणातल्या फॉर्मवर सही केली. तारीख घातली. कुठेही पाठवायचा नाही. वसुंधराला दाखवला. तिने चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाली, "छान आहे अक्षर."

निश्चय: श्रिया जाईपर्यंत घरात साधं, खरं वागायचं. तिला वाईट वाटू नये म्हणून आनंदी दिसायचं नाही, आणि कळावं म्हणून दुःखीही नाही. मधलं काय असतं ते बघतोय.

शनिवार, १४ जानेवारी २००६

विमानतळावर सोडून आलो. सोबत अजून पाच-सहा मुलं, सगळ्यांच्या आया रडत होत्या. वसुंधरा रडली नाही, तिने फक्त श्रियाच्या बॅगेची चेन दोनदा तपासली. मी आमच्या एका सिनेमातल्या पाणबुडीच्या आचाऱ्यावर एक विनोद केला. श्रिया हसली. हसताना तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी पाहिलं. मग दुसरा विनोद तयार होता, तो केला नाही.

परत येताना गाडी वसुंधराने चालवली.

रविवार, २९ जानेवारी

श्रियाचा पहिला फोन. त्यांना रविवारी सहा मिनिटं मिळतात. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तिला बोलू द्यायचं. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही. काळजीचा एकही प्रश्न नाही. आवाज मोकळा, पण फार नाही.

तिने विचारलं, "बाबा, कसा आहेस?" मी म्हणालो, मजेत. तिने सांगितलं की तिच्या खोलीत एका मुलीची गादी रोज नीट नसते म्हणून सगळ्यांच्या गाद्या रोज उधळतात. मी हसलो. छान जमलं असं वाटलं. अगदी साधं, खरं हसू.

ती पलीकडे थोडी थांबली. म्हणाली, "ओके, बाबा. आईला दे ना."

मी फोन वसुंधराला दिला आणि शेजारीच उभा राहिलो. वसुंधराचं तेवढं ऐकू येत होतं. "हो, जेवतात. दोन पोळ्या... नाही, झोपतात नीट... हो, शनिवारी विवेककडे गेले होते... अगं खरंच... नाही, मी असते ना जवळ. बसते मी." मग पलीकडे कोणीतरी वेळ संपल्याचं सांगितलं असावं. वसुंधराने फोन ठेवला.

तिचा आहार, तिचे पाय, तिथलं ऊन, यांतलं काहीही विचारायचं राहून गेलं. सहा मिनिटं होती. साडेचार माझ्यावर गेली.